टाळूवरची न दुखणारी गाठ



आपल्या मालिकेत बहुतेक वेळा लढाया, किल्ले, यमुनेचे उतार आणि रसदीचे हिशेब असतात. आजचा भाग वेगळा आहे. तोंडाच्या आत, म्हणजे टाळूवर, ओठात, गालाच्या आतल्या बाजूला लाळग्रंथींच्या गाठी येतात, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. त्यातही मुख्यतः साध्या गाठींबद्दल, ज्या कर्करोगाच्या नसतात. हा विषय का निवडला ते आधी सांगतो.

१४ जानेवारीला काला अंबला माणसं जमतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. महाराष्ट्रातून गाड्या भरून येतात, कर्नाल-कैथलकडचे रोड मराठा बांधव येतात, दिल्ली, गुडगाव, नोएडातली आपली मंडळी येतात. कार्यक्रम झाला की तिळगूळ आणि गप्पा. तिथे सातारकडचे एक निवृत्त सुभेदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तुमचं टाळूचं ऑपरेशन झालंय ना? जरा माझं बघता का?" आणि उन्हाकडे तोंड करून त्यांनी आ केला. टाळूच्या उजव्या बाजूला, मागच्या दाढेच्या जरा आत, छोट्या बोराएवढी गुळगुळीत गाठ. वर जखम नाही, रंग आजूबाजूच्या कातडीसारखाच. म्हणाले, "चार वर्षं झाली. दुखत नाही, म्हणून सोडून दिलंय."

मी म्हटलं, "सुभेदार साहेब, दुखत नाही म्हणूनच दाखवायला हवी." ते हसले. त्यांना वाटलं, साहेब गंमत करतायत.

मी डॉक्टर नाही, पायदळातला माणूस आहे. पण ६१व्या वर्षी माझ्या टाळूवर अशीच गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, आणि त्या काळात सर्जनला विचारून आणि वाचून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या तोंडात काही असेल तर माझा हा भाग ऐकून निदान करू नका. नेमकं कुठे जायचं आणि काय विचारायचं, एवढं यातून घ्या.

आधी थोडा भूगोल. लाळग्रंथी म्हटलं की आपल्याला गालगुंड आठवतं. कानाखाली सुजते ती पॅरोटिड ग्रंथी, ती सगळ्यांत मोठी. दुसरी जबड्याच्या हाडाखाली, तिसरी जिभेखाली. अशा तीन जोड्या. पण याशिवाय तोंडाच्या अस्तरात अगदी बारीक लाळग्रंथी विखुरलेल्या असतात, सहाशे ते हजार. ओठांत, गालांत, जिभेत, घशात आणि सगळ्यांत दाट टाळूवर. खालचा ओठ आतून बाहेर उलटवा, रुमालाने कोरडा करा आणि मिनिटभर थांबा. दवासारखे थेंब उमटतात. प्रत्येक थेंबाखाली एक ग्रंथी.

हिरड्यांत या ग्रंथी जवळजवळ नसतात आणि टाळूच्या पुढच्या भागात व मधल्या रेषेवर फारच कमी असतात. म्हणून लाळग्रंथीची गाठ टाळूवर येते ती बहुधा मागे आणि एका बाजूला, जिथे कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो त्या सीमेजवळ. टाळूच्या बरोबर मध्यभागी हाडासारखा टणक उंचवटा लागला, तर तो बऱ्याचदा खरोखरच हाडाचा असतो. अनेकांना तरुणपणापासून असतो, त्याला काही करावं लागत नाही. जागा कळली की अर्धी शंका तिथेच सुटते. नकाशा वाचायला शिकलेल्या माणसाला हे फार आवडलं.

आता या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता जास्त. ऐकायला उलटं वाटतं. कानाखालच्या मोठ्या ग्रंथीतल्या १०० गाठींपैकी साधारण ८० साध्या असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण निम्म्यावर येतं. तोंडातल्या बारीक ग्रंथींत निम्म्या गाठी, काही ठिकाणच्या नोंदींत निम्म्याहून अधिक, कर्करोगाच्या निघतात. जिभेखालच्या ग्रंथीत तर १०० पैकी ७० ते ९०. म्हणजे शेजाऱ्याच्या कानाखाली दहा वर्षं गाठ होती आणि ती साधी निघाली, यावरून आपल्या टाळूच्या गाठीबद्दल धीर धरू नये. ही दोन वेगळी मैदानं आहेत.

साध्या गाठींत सगळ्यांत जास्त आढळते ती प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा. जुने डॉक्टर तिला मिश्र गाठ म्हणतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात ग्रंथीच्या पेशी दिसतात, चिकट द्रव्य दिसतं, कूर्चेसारखा भागसुद्धा दिसतो. तिशी ते साठीच्या वयात जास्त, स्त्रियांत थोडी अधिक. वाढ अगदी सावकाश, महिन्यांनी नव्हे तर वर्षांनी. हाताला रबरी, टणक लागते. दुखत नाही. माझी तर मला दिसलीच नाही. वरच्या दाढांची काढघालीची कवळी एका बाजूने डुगडुगायला लागली, दातांच्या डॉक्टरकडे कवळी घासून घ्यायला गेलो, तर त्यांनी कवळी बाजूला ठेवली आणि आरशाने टाळू बघितला. कवळी जशी होती तशीच होती, बदलला होता टाळू.

न दुखणं हे साधेपणाचं प्रमाणपत्र नाही. या ग्रंथींचे बरेचसे कर्करोगही सुरुवातीला दुखत नाहीत आणि सावकाश वाढतात. म्यूकोएपिडरमॉइड नावाचा एक प्रकार टाळूवर निळसर, पाण्याने भरलेल्या फोडासारखा दिसू शकतो आणि बघणाऱ्याला वाटतं किरकोळ आहे. दुसरा, अॅडिनॉइड सिस्टिक, मज्जातंतूंच्या कडेकडेने पसरतो, म्हणून त्यात कधी बधिरपणा किंवा मुंग्या येतात. टाळूचा किंवा गालाचा एखादा पट्टा बधिर वाटला, गाठ एकाएकी भराभर वाढायला लागली, वर जखम झाली, दात हलायला लागले, मानेत गाठ लागली, कानाखालच्या गाठीबरोबर चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा झाला, तर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणू नका. आणि यातलं काहीच नसलं, तरी तोंडातली कोणतीही गाठ किंवा जखम तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दाखवायची.

अर्थात प्रत्येक फुगवटा म्हणजे ही गाठ नव्हे. खालच्या ओठाच्या आत मऊ, निळसर फुगा येतो, फुटतो, पुन्हा भरतो. ते बहुधा दात लागून ग्रंथीची बारीक नळी तुटल्यामुळे साठलेली लाळ असते, पोरांमध्ये नेहमी दिसतं. इथे ओठांची एक गंमत आहे. फुगा जास्त करून खालच्या ओठात येतो आणि खरी गाठ जास्त करून वरच्या ओठात. वरच्या ओठातली टणक गोळी बऱ्याचदा साधी गाठ निघते. खालच्या ओठात मात्र टणक गोळी लागली, तर डॉक्टर जास्त सावध होतात. जबड्याखाली जेवताना सूज येते आणि तासाभराने उतरते, तर तो बहुतेक नळीतला खडा असतो. गाठ जेवणाच्या वेळा पाळत नाही. टाळूवर सूज आहे, ठणकतेय, शेजारची दाढ किडलेली आहे, तर दाताच्या मुळाचा गळू असू शकतो. इथेच एक चूक होते. टाळूवरचा फुगवटा दिसला की पू समजून चीर द्यायची. सुभेदार साहेबांना गावाकडे कुणीतरी तसं केलं होतं. पू निघाला नाही, रक्त आलं, आठ दिवस प्रतिजैविकं दिली आणि प्रकरण बंद झालं. दाढ जिवंत आहे की मेलेली, हे थंड लावून किंवा विजेच्या छोट्या यंत्राने दोन मिनिटांत कळतं. दाढ जिवंत असेल तर गळूचा संशय बाजूला ठेवायला हवा.

एक उलटा प्रकारही सांगतो. टाळूवर अचानक खोल जखम पडते, दिसायला थेट कर्करोगासारखी. ती काही वेळा ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे झालेली असते आणि सहा ते दहा आठवड्यांत आपोआप भरून येते. तुकड्याच्या तपासणीतसुद्धा नवख्या माणसाची फसगत होऊ शकते, म्हणून तोंडाच्या रोगांचा अनुभव असलेला पॅथॉलॉजिस्ट लागतो. घाईने टाळू कापला जायला नको आणि हयगयीने कर्करोग राहायला नको, या दोन्हींच्या मध्ये तो माणूस बसलेला असतो. रुग्णाला तो कधी दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या फौजेत निर्णय खऱ्या अर्थाने त्याचाच असतो.

तपासणीचा क्रम साधारण असा. आधी बोटाने चाचपणी, मग स्कॅन. सीटीमध्ये हाड दिसतं. साध्या गाठीने वर्षानुवर्षं दाबून हाडाला गुळगुळीत खळगा पाडलेला असू शकतो, पण किडीने खाल्ल्यासारखं हाड दिसलं तर शंका वाढते. एमआरआयमध्ये मऊ भाग आणि मज्जातंतू चांगले दिसतात. आमच्याकडे म्हणायचं तर टेहळणी झाल्याशिवाय हल्ला नाही.

मग पेशी किंवा तुकडा. कानाखालच्या गाठीला सोनोग्राफीत बघत बारीक सुई घालून पेशी काढतात. तिथे उघडा तुकडा सहसा काढत नाहीत, कारण ग्रंथीतून चेहऱ्याचा मज्जातंतू जात असतो आणि गाठीचं आवरण फाटलं तर पेशी आजूबाजूला सांडतात. टाळूवर वेगळा विचार होतो. तिथे सुईनेही काम भागतं, पण बऱ्याचदा छोटा तुकडा काढतात, आणि तो अशा जागेतून की पुढे शस्त्रक्रियेत ती जागा गाठीबरोबर निघून जाईल. ओठातली लहानशी गोळी असेल तर तुकडा न काढता अख्खीच काढून तपासायला पाठवतात.

सुईच्या अहवालाबद्दल एक सूचना. २०१८ पासून लाळग्रंथींच्या सुई-तपासणीसाठी मिलान पद्धत आली. तिच्यात सहा वर्ग आहेत. पहिला वर्ग आहे 'नॉन-डायग्नोस्टिक'. याचा अर्थ पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत, एवढाच. 'काही नाही' असा त्याचा अर्थ नव्हे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तो कागद घरी नेऊन पेढे वाटले होते.

आता उपचार. या गाठीवर औषध नाही. गोळ्या, लेप, काढे, गुळण्या, यातलं काहीही तिला विरघळवत नाही. साध्या गाठीला किरणोपचारही सहसा देत नाहीत. ती काढायची, आणि नीट काढायची. इथे 'नीट' या शब्दाला अर्थ आहे. मटाराचा दाणा सालीतून सोलावा तशी गाठ सोलून काढली, तर तिचं आवरण जागोजागी अपुरं असतं, त्यातून बाहेर आलेले बारीक कोंब मागे राहतात आणि गाठ पुन्हा येते. जुन्या काळी कानाखालच्या गाठी अशा सोलून काढत, तेव्हा कितीतरी जणांना पुन्हा उगवत, आणि उगवत त्याही एकाऐवजी अनेक. म्हणून आता भोवतीचा थोडा निरोगी भाग घेऊन काढतात. टाळूवर तो साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर आणि खाली हाडावरचं आवरणही. हाड खाल्लेलं नसेल तर हाड कापत नाहीत.

माझी शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली. आधी दातांच्या विभागात टाळूचं माप घेऊन प्लॅस्टिकची एक पट्टी बनवली होती. गाठ निघाल्यावर हाड उघडं राहतं, त्यावर औषधाची पट्टी ठेवून ही प्लेट बसवतात. टाळूची जखम बहुतेक वेळा शिवत नाहीत, तळापासून भरत येते. चार ते सहा आठवडे लागतात. पहिले दहा दिवस गार ताक, मऊ भात, रव्याची पातळ खीर. ठेचा बंद. सैन्यातल्या माणसाला उपास जमतो, पण ठेचा बंद म्हणजे शिक्षाच. टाळूचा एक तुकडा अजून बधिर आहे, कारण तिथला लहान मज्जातंतू गाठीबरोबर गेला. चहा किती गरम आहे ते डाव्या बाजूने कळतं, उजव्या बाजूने नाही. एवढ्यावर भागलं.

गाठ मऊ टाळूपर्यंत मोठी असती, तर वर नाकापर्यंत भोक पडलं असतं. मग पाणी पिताना नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. त्यासाठी शेजारचा टाळूचा भाग फिरवून किंवा गालातली चरबी ओढून भोक बुजवतात, किंवा ते झाकणारी कवळी देतात. कानाखालच्या ग्रंथीवर शस्त्रक्रिया झाली तर चेहऱ्याचा मज्जातंतू वाचवणं हेच मुख्य काम असतं. काही आठवडे तोंड किंचित वाकडं राहिलं तरी बहुतेकांचं पूर्ववत होतं. हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी की बोराएवढी गाठ आणि लिंबाएवढी गाठ यांची शस्त्रक्रिया एक नसते.

शिवाय काळ. प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा वर्षानुवर्षं ठेवली तर तिचाच कर्करोग होऊ शकतो. वैद्यकीय पुस्तकांत नेहमी दिला जाणारा अंदाज असा आहे की पहिल्या पाच वर्षांत १०० मध्ये एक-दोन, पंधरा वर्षांनंतर १०० मध्ये नऊ-दहा. चार वर्षं म्हणजे घाबरून रात्रीची गाडी पकडावी असं नाही, पण वाट बघण्यातून मिळवायचंही काही नाही. १७६० च्या नोव्हेंबरपासून भाऊसाहेबांची छावणी पानिपतावर अडीच महिने बसून राहिली, आणि तो प्रत्येक दिवस अब्दालीपेक्षा आपल्याला महाग पडला. असो, मी पुन्हा माझ्या विषयावर घसरलो.

पुन्हा उगवणं आणि बदलणं काय असतं, त्याचं एक माहितीतलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. टोनी ग्विन हा सॅन दिएगोचा मोठा बेसबॉल खेळाडू. गालात तंबाखू धरायची त्याला जुनी सवय होती. कानाखालच्या ग्रंथीतून १९९७ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये त्याच्या साध्या गाठी काढल्या. २०१० मध्ये तिथेच कर्करोग निघाला आणि २०१४ मध्ये, ५४व्या वर्षी, तो गेला. तंबाखूमुळेच हे झालं, अशी त्याची स्वतःची ठाम समजूत होती.

विज्ञान इथे इतकं ठाम नाही. प्लिओमॉर्फिक अॅडिनोमाचा तंबाखूशी पक्का संबंध दाखवता आलेला नाही. सिगारेट-विडीशी स्पष्ट नातं आहे ते वॉर्थिन नावाच्या दुसऱ्या साध्या गाठीचं, आणि ती जवळजवळ नेहमी कानाखाली येते, तोंडात नाही. पण म्हणून मळलेली तंबाखू निर्दोष सुटत नाही. तोंडाच्या अस्तराचा कर्करोग, तो वेगळा रोग, मुख्यतः तंबाखू-सुपारीने होतो. आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. शरद पवारांवर २००४ मध्ये त्याचे उपचार झाले आणि तेव्हापासून ते तंबाखूविरुद्ध उघड बोलतात. काला अंबला आमच्याकडची चुन्याची डबी आणि हरियाणातला हुक्का दोन्ही शेजारी बसलेले असतात, म्हणून हे सांगितलं. आ केल्यावर स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, गालात पांढरे किंवा लाल चट्टे असतील, तर गाठ नसली तरी तपासून घ्या.

कुठे जायचं? पहिला माणूस दातांचा डॉक्टर, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढे तोंड आणि जबड्याचे सर्जन, कान-नाक-घशाचे किंवा डोकं-मान विभागाचे सर्जन. दिल्लीत एम्स आहे, मौलाना आझाद दंत संस्था आहे. झज्जरजवळ बाढसा इथे एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. पानिपतकरांना रोहतक जवळ. महाराष्ट्रात मुंबई-नागपूरची सरकारी दंत महाविद्यालयं आणि परळचं टाटा हॉस्पिटल, जे १९४१ पासून हेच काम करतंय. माजी सैनिकांनी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घ्यावी. नोकरीत असताना दरवर्षी मेडिकल व्हायचं, दातांचा डॉक्टर तोंडात बघायचा. निवृत्तीनंतर आपल्या तोंडात कुणी बघत नाही, आणि नेमक्या त्याच वयात बघायला हवं.

डॉक्टर एकच ठरवा, फार तर दुसऱ्याचं मत घ्या. मेहुणे, शेजारी, व्हॉट्सअॅप, सगळ्यांची भाऊगर्दी नको. विचारायचं ते असं: गाठ कोणत्या ग्रंथीची आहे, तुकडा तपासल्याशिवाय काढणार आहात का आणि तसं असेल तर का, हाड किती घेणार, भोक पडलं तर कशाने बुजवणार, मागे काही राहिलं नाही हे अहवालात लिहून येईल का. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

शस्त्रक्रियेनंतरही दरवर्षी दाखवत राहायचं, कारण ही गाठ दहा वर्षांनीसुद्धा परत येऊ शकते. आणि कागद जपा. अहवाल तर जपाच, पण काढलेल्या गाठीचा मेणातला ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत असतात. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचं असेल तर त्या लेखी अर्ज करून मागता येतात. शहर बदललं तर निघण्यापूर्वी मागून घ्या, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा आणि वर गाठीची बाजू व तारीख लिहा.